एका दावणीचे सहा लॅपटॉप

मला कुणी "हे तुझ्यानं व्हायचं नाही" म्हटलं की ते काम माझ्या डोक्यातून जात नाही. जेवताना, भांडी घासताना, झोपेतसुद्धा ते चालूच असतं. हा गुण नव्हे, खोडच आहे, आणि तिच्यापायी मी नुकसानही बरंच करून घेतलंय. पण निमगाव साव्याच्या वाचनालयातले सहा लॅपटॉप आज चालतात ते याच खोडीमुळे.

माझं माहेर आंबेगाव तालुक्यातलं निरगुडसर. दहावीनंतर मी मंचरला मराठी टायपिंगच्या क्लासला जायचे. एसटीनं जायचं, एसटीनं यायचं. एका संध्याकाळी एसटी आलीच नाही आणि मला घरी पोचायला अंधार झाला. घरात कुणी ओरडलं नाही, कुणी हात उगारला नाही. वडील फक्त "आता बास" म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून क्लास बंद, पुढच्या वर्षी लग्न. त्या 'बास'चा मला अजून राग येतो. नुसतं मारलं असतं तर कदाचित विसरले असते.

लग्न होऊन जुन्नर तालुक्यात आले आणि काही वर्षांनी गावच्या वाचनालयाचं काम माझ्याकडे आलं. ग्रामपंचायतीशेजारची एक खोली, चार कपाटं पुस्तकं आणि देणगीत आलेला एक जुनाट कॉम्प्युटर. त्या कॉम्प्युटरवर गावातल्या मुली टायपिंगचा सराव करायला यायला लागल्या. क्लास नारायणगावला, म्हणजे पुन्हा एसटी, पुन्हा अंधार, पुन्हा कुणाचं तरी 'बास'. एका कॉम्प्युटरपुढे नऊ-नऊ मुली रांगेत बसायच्या आणि एकीची बोटं चालताना बाकीच्या आठ आपापल्या मांडीवर बोटं चालवायच्या. ते बघून मी ठरवलं की या खोलीत निदान सहा यंत्रं तरी आणायची.

गावचे लोक पुण्या-मुंबईला नोकरीला आहेत, त्यांच्या मंडळानं पैसे द्यायचं कबूल केलं. अडचण निघाली खोलीचीच. आमच्या दूध संस्थेच्या सेक्रेटरींना ती खोली दूध थंड करायच्या मशीनसाठी हवी होती. माणूस वाईट नाही, पण बोलायला तिखट. ग्रामसभेत उठून म्हणाले, "पोरींच्या हातात मोबाइल हायेत की. त्यावर टायपिंग करत न्हाईत व्हय? दूध मातूर रोज नासतंय."

मी उभी राहिले. दिवाळीपर्यंत सहा लॅपटॉप चालू करून दाखवते म्हटलं, आणि वर लिनक्सवर चालवते, म्हणजे लायसनची कटकट नको आणि दर महिन्याला व्हायरस काढायला माणूस बोलवायलाही नको. लिनक्स म्हणजे काय, असं कुणीतरी विचारलं. मी सांगितलं की कॉम्प्युटर चालवणारी ती एक प्रणाली आहे, जगभरातले लोक मिळून ती बनवतात आणि कुणालाही मोकळेपणानं वापरू देतात.

"म्हंजे फुकट ते पौष्टिक," सेक्रेटरी म्हणाले आणि सभा हसली.

ठराव मात्र झाला. भाऊबीजेनंतरच्या सोमवारी सहाही यंत्रं चालू असली तर खोली वाचनालयाची, नसली तर दूध संस्थेची. मी त्या कागदावर सही केली. विचार करून नव्हे, रागानं.

लिनक्सचं एक आहे. प्रणाली मोकळी असली तरी यंत्राच्या पोटातला प्रत्येक भाग तिच्याशी जुळावा लागतो. पडदा, आवाज, वायफाय, प्रत्येकाशी बोलणारा एक छोटा प्रोग्रॅम लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. ज्या कंपन्या आपल्या भागांची माहिती उघड करतात त्यांचे भाग न मागता चालतात. ज्या दडवून ठेवतात त्यांच्यापुढे डोकं आपटून घ्यावं लागतं. म्हणून यंत्र आधी आणि प्रणाली मागून असं करून चालत नाही. प्रणालीला काय चालतं ते बघून मगच यंत्र घ्यायचं. हे सगळं मी मोबाइलवर व्हिडिओ बघून आणि त्या जुनाट कॉम्प्युटरवर हजार चुका करून शिकले होते. लेण्याद्रीच्या पायऱ्या खालून बघितल्या की पाय आधीच दुखतात, पण एकेक चढत गेलं की माणूस वर पोचतो, तसं ते शिक्षण.

मंचरमध्ये एक दुकानदार आहे. चाकणच्या कंपन्यांमधून निघालेले जुने लॅपटॉप तो घाऊक घेतो आणि साफ करून विकतो. मी पेनड्राइव्हवर लिनक्स घेऊन त्याच्याकडे गेले. पेनड्राइव्ह लावून सुरू केलं की लॅपटॉपमधल्या कशालाही हात न लावता सगळं चालतंय की नाही ते कळतं. एक मॉडेल मला आवडलं. वायफाय लगेच लागलं, आवाज आला, मराठी कीबोर्ड आला. मी दुकानदाराला म्हटलं, "असेच सहा ठेवा." तो म्हणाला, "ताई, एकाच मॉडेलचा लॉट आहे, सगळे सेम." मी तपासलेल्या लॅपटॉपच्या पोटाला खूण म्हणून चिकटपट्टीचा एक तुकडा लावला आणि घरी आले.

लॅपटॉप आणायच्या दिवशी नेमकी जिल्ह्याहून वाचनालयाची तपासणी लागली. मला जाता येईना. मग माझे सासरे म्हणाले, "मी जातो." सासऱ्यांना मी मामा म्हणते.

मामांबद्दल सांगायलाच हवं. आमच्या भागात बैलाची पारख म्हटली की लोक त्यांचं नाव घेतात. आता औताला ट्रॅक्टर आले, पण गाड्याच्या शर्यतीचे बैल घ्यायचे तर लोक अजून त्यांना गाडीत बसवून बेल्ह्याच्या बाजारात नेतात. दात बघणार, खूर बघणार, शेपटीला हात लावून चाल बघणार. त्यांनी जुळवून दिलेली जोड उंचीला, रंगाला, शिंगांच्या वळणाला अशी एकसारखी की डावा कोण आणि उजवा कोण ते धन्यालाही कळू नये. त्यांनी पसंत केलेलं जनावर कधी कुणी परत आणलं नाही, हा त्यांचा सगळ्यात मोठा अभिमान.

माझे यजमान टोमॅटो नारायणगावला उतरवून पिकअप घेऊन पुढे मंचरला गेले, सोबत मामा. संध्याकाळी सहा खोकी घरात आली. मामांनी स्वतःच्या हातानं एकेक लॅपटॉप काढून ओटीवर ओळीनं मांडला. सहाही काळेभोर, चकचकीत, एका आईची लेकरं वाटावीत असे. "बघ," ते म्हणाले, "नजर लागंल अशी दावण हाय."

मी एकेक उलटा करून बघितला. चिकटपट्टी कुठेच नव्हती.

"मामा, एकाच्या पोटाला पट्टी होती ना?"

"व्हती की. त्यो मी न्हाई घेतला," मामा म्हणाले. "वरचा रंग उडाल्याला, आन पोटाला चिकटपट्टी. बाजारात जनावराच्या अंगाला काय थापल्यालं दिसलं की समजायचं, खाली जखम हाय. दुकानदार म्हनत व्हता घ्या घ्या, मी म्हनलं आमाला उल्लू समजतो का? बदलून घेतला."

मी पहिला लॅपटॉप पुढे ओढला. पेनड्राइव्ह लावला. पडदा उजळला, आवाज आला, वायफाय नाही. दुसरा, तोच प्रकार. तिसरा, चौथा, पाचवा, सहावा. सहाच्या सहा देखणे आणि सहाच्या सहा बहिरे. पंचायतीचं इंटरनेट वायफायवरूनच यायचं आणि या पातळ लॅपटॉपना वायर लावायला भोकही नव्हतं.

मग माझा तोल गेला. "तुम्हाला काय बैल बघायला पाठवलं होतं का?" असं मी सासऱ्यांना म्हटलं. रात्री जेवताना, सगळ्या घरादेखत म्हटलं. मामा ताटावरून उठले नाहीत, पण भाकरी तशीच राहिली. नंतर ते गोठ्यात जाऊन बसले. मला तेव्हाच वाईट वाटलं होतं, पण रागाच्या भरात माफी मागायला जीभ वळत नाही.

दोन दिवस मी झटले. एका लॅपटॉपवर वायफायचा ड्रायव्हर बाहेरून शोधून, जुळवून बसवला. तो चालला. दुसऱ्या दिवशी प्रणालीचं अपडेट आलं आणि पुन्हा बंद. रोज सलाईन लावून जगवावी लागतील अशी यंत्रं मला नको होती. मी घरी असले, आजारी पडले तरी मुलींना ती चालवता आली पाहिजेत. म्हणून मी पोटातल्या भागांची नावं वाचत बसले, आणि तेव्हा मला खरी गोष्ट कळली. मॉडेल एकच, नावही एकच, पण कंपनीनं त्यात दोन वेगवेगळ्या बनावटीच्या वायफाय चिप घातल्या होत्या. काही लॅपटॉपमध्ये एक, काहींमध्ये दुसरी. झाकणावरून ते कळायला काही मार्ग नव्हता.

म्हणजे मामांनी नाकारला तो एकच. बाकीचे पाच मीच मागवले होते. एक तपासला आणि पाच त्याच्या नावावर पसंत केले. रंग बघून मामा फसले तर नाव वाचून मी फसले, आणि शिव्या मात्र त्यांनी खाल्ल्या. मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी तडक गोठ्यात गेले.

"मामा, माझं चुकलं. एक तुमचा, पण पाच माझे," मी म्हटलं आणि सगळं समजावून सांगितलं.

मामांनी बैलाच्या पाठीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "एक बैल हाकून बघितला म्हून अख्खी दावण घेतं का कुनी? परत्येक जुपून बघायचा, पोरी. सख्खा भाऊ आसला तरी जुपून बघायचा. तुला ठावं न्हाई, पर मला तर ठावं व्हतं. मी बी न्हाई बघितलं." आणि त्यांनी विचारलं, "सोमवारला किती दिस हायेत?"

"अकरा."

"मग उद्या मंचरला जाऊ."

दुकानदारानं खोकी बघितली आणि त्याचा चेहरा बदलला. विकलेला माल परत नाही, भिंतीवर लिहिलंय, असं तो म्हणाला. मी चिपबद्दल सांगायला लागले तर म्हणाला, "ताई, विंडोजवर सगळे चालतात. तुमच्या त्या सिस्टीमची जबाबदारी माझी नाही." हे खोटं नव्हतं, म्हणून मला जास्त राग आला.

मामा पुढे झाले. दुकानात चार गिऱ्हाईकं उभी होती. "भाऊ, चूक आमची हाय," ते मोठ्यानं म्हणाले. "हिनं तपासल्याला माल तू देत व्हतास, मीच रंग बघून नाकारला. चाळीस वर्सं बैल बघतोय, पर हितं फसलो. ते माझ्या पदरात. पर तू बी एक सांग. बाजारात इकणारा शिंगं रंगवतो, तू झाकणं रंगवल्यात. नवा काळा कागद चिकटवून समदी येकसारखी केली. का न्हाई?"

दुकानदार हसायचा प्रयत्न करत म्हणाला, "पावणं, हा काय बैलबाजार आहे का?"

"बाजारात निदान जुपून बघू देत्यात," मामा म्हणाले. "पैशे परत दिऊ नको. आमाला तुझ्या माळ्यावर बसू दे. समदी जनावरं बघतो, चालंल ती नेतो, ही हितं ठिवतो. तुझं काय जातं?"

आपली चूक चार लोकांत मोठ्यानं सांगणाऱ्या माणसापुढे कुणाचं काय चालणार? चाळीस वर्षांत जी गोष्ट मामांच्या तोंडून कुणी ऐकली नव्हती ती त्यांनी माझ्या सहा लॅपटॉपसाठी सांगितली. दुकानदारानं माळ्याची किल्ली दिली.

माळ्यावर त्या मॉडेलचे तीसेक लॅपटॉप होते. मी पेनड्राइव्ह लावायचा, सुरू करायचं, एक आज्ञा टाइप करायची. मग आतल्या सगळ्या भागांची यादी पडद्यावर येते. मामा शेजारी गोणपाटावर बसून. "दात दिसले का?" असं दर वेळी विचारायचे आणि मी हो किंवा नाही म्हटलं की लॅपटॉप उजवीकडे किंवा डावीकडे ठेवायचे. डावीकडचा ढीग वाढतच चालला. आम्ही तिथंच भाकरी आणि ठेचा खाल्ला. दुपार उतरणीला लागली तेव्हा उजवीकडे चार झाले होते. त्यातला एक पोटाला चिकटपट्टी असलेला. मामांनी तो हातात घेऊन उलटसुलट बघितला आणि परत उजवीकडे ठेवून दिला.

चौथ्यानंतर माल संपला. दोन कमी पडत होते. मी पेनड्राइव्ह काढून पिशवीत टाकला. मग मामांनीच कोपऱ्यातल्या फुटक्या पडद्याच्या लॅपटॉपकडे बोट दाखवलं. "त्येंच्या पोटात काय हाय?" पडदा फुटलेला असला तरी चिप चांगली असू शकते, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. दुकानदार आता स्वतःच वर येऊन बसला होता. त्यानं स्क्रू काढून एकेक फुटका लॅपटॉप उघडला. हवी ती चिप तिसऱ्यात निघाली आणि दुसरी सहाव्यात. त्या काढून त्यानं डावीकडच्या दोन धडधाकट लॅपटॉपमध्ये बसवल्या. मी पेनड्राइव्ह लावला. वायफायची खूण आली. मी पुन्हा बंद केला, पुन्हा लावला, पुन्हा आली. तरीही तिसऱ्यांदा केलं. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो.

परत येताना गाडीत मामा सारखे मागे वळून यंत्रांकडे बघत होते. नवी सहा म्हणजे बघवत नव्हती. एकाचं झाकण करडं, एकाचं काळं, एकाच्या कोपऱ्याचा टवका उडालेला, दोनांच्या कीबोर्डचा रंग वेगळा. नारायणगाव मागे पडल्यावर ते म्हणाले, "लोकं हसतील, राव." मग आळेफाट्याला चहा घेताना स्वतःच म्हणाले, "हसूं दे."

पुढचे दिवस मी आणि ती यंत्रं. प्रणाली बसवली, मराठी कीबोर्ड लावला, टायपिंगचा सराव लावला, मुलींनी चुकून काही पुसलं तरी परत उभं राहील अशी सोय केली. दिवाळीचा फराळ त्या वर्षी जावेनं केला. करंज्या चांगल्या झाल्या होत्या हे मला लोकांकडून कळलं.

सोमवारी सकाळी सरपंचबाई आल्या, सहाही लॅपटॉप चालू बघितले आणि ठरावाच्या वहीत तसं लिहून गेल्या. कुणी भाषण केलं नाही. चारच्या सुमाराला मुली आल्या आणि मशीनपुढे बसल्या. ज्यांना जागा मिळाली नाही त्यांना आता मांडीवर बोटं चालवायला लावायचं नाही, म्हणून मी एक-एक तासाच्या पाळ्या लावल्या. मामा दारातल्या पायरीवर बसले होते. आत कशाला येत नाही म्हटलं तर म्हणाले, "मला आतलं काय कळतंय?"

पाचच्या पुढे दूध संस्थेचे सेक्रेटरी आले. हातात मोजपट्टी. सरपंचबाईंचा निरोप त्यांना पोचला नव्हता, की त्यांना तो खरा वाटला नव्हता, मला माहीत नाही. मामांनी पायरीवर पाय आखडून त्यांना वाट दिली. सेक्रेटरी दारात आले आणि थांबले. सहा लॅपटॉप, सहा मुली, कळांचा आवाज. तिसऱ्या मशीनवर त्यांचीच मुलगी बसली होती. तिनं घरी सांगितलं नव्हतं, हे मला तिच्या पाठीवरूनच कळलं. ती वळली नाही, पण तिची बोटं थांबली.

मी उठून उभी राहिले. आज यांनी 'बास' म्हटलं तर मी काय बोलणार, हे मी मनात जुळवायला लागले.

सेक्रेटरींनी मोजपट्टी खिशात घातली. "कवा सुटतं हे?" त्यांनी मुलीला विचारलं.

"सहाला," ती मान खाली घालून म्हणाली.

त्यांनी बाहेर आकाशाकडे बघितलं. दिवस लहान झाले होते. "मग बस," ते म्हणाले, "मी हाय हितंच." आणि ते पायरीवर मामांच्या शेजारी जाऊन बसले.